मेलेला नळ

“मेलेल्या नळाला कान लावू नये, त्यो ऐकत बसल्याला असतो,” असं मार्था एकदा म्हणाली होती.

म्हणाली होती ती नवऱ्याला. यशया दौलापूरच्या माळावर भर उन्हात एका दगडी उसाशाला कान लावून उभा होता आणि ती त्याची भाकरी घेऊन आली होती. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, फडकं सोडलं आणि मुकाट जेवायला बसला. त्याला जाऊन आता चार वर्षं झाली होती. पण माळावरून जाताना मार्थाचे पाय अजून तिथे जड होत. उसाशाच्या दगडावर, माणसाचा कान येतो तेवढ्या उंचीवर, एक तेलकट डाग होता. तीन पावसाळ्यांनी तो धुतला नव्हता. चौथा पावसाळा तर आलाच नव्हता.

दौलापूर हे नगरहून नेवाशाकडे जाताना आत वळून लागणारं कोरडं गाव. कुठल्या तरी सुलतानाच्या काळी डोंगरातल्या झऱ्यापासून गावापर्यंत जमिनीखालून भाजक्या मातीचा नळ घातला होता. त्याला खापरी नळ म्हणत. हवा खेळावी म्हणून वाटेत ठिकठिकाणी माणसाहून उंच दगडी धुराडी बांधली होती, ते उसासे. माळ उतरला की नळ वरल्या आळीच्या पोटाखालून जाई आणि जोगाईच्या देवळापुढच्या हौदात संपे. पुढे विहिरी आल्या, झरा दगडमातीने बुजला आणि गाव नळाला विसरलं. हौदाच्या तळाशी पावसाचं गुडघाभर पाणी राही, तेवढंच देवीचं तीर्थ.

मार्था या गावात लग्न होऊन आली तेव्हा तिच्यासाठी टोपली तयार होती. गावातली मेहतरांची घरं मुंबईला निघून गेली होती आणि नगरपालिकेने त्यांचं काम ख्रिस्तवाडीकडे सरकवलं होतं. मार्थाच्या आजाने मोठ्या दुष्काळात बाप्तिस्मा घेतला होता. टोपलीने घेतला नव्हता. पहाटे वरल्या आळीच्या मागच्या बोळात शिरायचं, एकेका घराच्या मागचं झाकण वर करायचं, आतलं पत्र्याने ओढून टोपलीत घ्यायचं, वर राख टाकायची आणि टोपली डोक्यावर घेऊन गावाबाहेर जायचं. घरं बावीस. पावसाळ्यात टोपलीतून मानेवर, मानेवरून पाठीत ओघळ उतरत. सोळा वर्षं तिने हे केलं. रविवारी पाळकसाहेब प्रार्थनेसाठी डोकं झाकायला सांगत, तेव्हा पदर डोक्यावर घेताना तिची मान आपोआप ताठ होई, ओझं तोलायला.

यशया नगरपालिकेत गटाराच्या कामावर होता. त्याआधी तो प्रवरेकाठच्या एका पांढरीवर खोदकामाला होता. जुनं गाव उकरायला पुण्याहून साहेब लोक आले होते. तिथलं त्याने मार्थाला इतक्यांदा सांगितलं होतं, की तिला ते स्वतः पाहिल्यासारखं वाटे. भाजक्या मातीची रुंद कडी, एकावर एक बसवलेली, विहिरीसारखी खोल. सगळ्यांना वाटलं विहीर आहे. साहेब म्हणाला, विहीर पलीकडे. हा सांडपाण्याचा खड्डा, दोन हजार वर्षांचा.

“म्या पावलं मोजली,” यशया सांगे. “खड्ड्यापासनं विहिरीपतूर चाळीस. त्या मानसाला ठावं हुतं. साळा न्हाई, सायब न्हाई, पर ठावं हुतं.”

साहेब जेवणाच्या सुट्टीत गोष्टी सांगायचा. सिंधकडे पाच हजार वर्षांमागे विटांनी बांधलेली, वरून झाकलेली गटारं होती. पाळकसाहेब ज्या रोमचं नाव घेतात, त्या रोममध्ये तर गटारातून होडी जाईल एवढी जागा होती.

“आन् टोपली कोन उचलायचं?” मार्थाने विचारलं होतं.

यशया थांबला. “ह्येच इचारलं म्या सायबाला.”

“मंग?”

“म्हनला, ते मातीत सापडत न्हाई.”

त्या खड्ड्याच्या कड्याचं एक खापर यशयाने आणलं होतं. ते खिडकीत असे. मार्था त्यावर दिवा ठेवायची.

मग चौसष्ट साल आलं आणि वरल्या आळीला पाण्याचे संडास करायचं ठरलं. पण खाली सगळा काळा पत्थर. मैल्याच्या टाक्या खोदायला सुरुंग लावावे लागले असते. खोदता खोदता खापरी नळ लागला. तेव्हाच्या ओव्हरसियरने यशयाला विचारलं, “हा जिवंत आहे की मेलेला?”

गटारवाल्यांची एक रीत होती. कुठलं पाणी कुठे जातं ते कळत नसलं, की वरून काव सोडायची. तीच, चुलीला आणि तुळशीवृंदावनाला देतात ती तांबडी माती. काव पाण्यात कालवून ओतायची आणि खालच्या तोंडाशी बसून राहायचं. लाल आलं तर नळ जिवंत. मार्थाने घरी पाट्यावर काव वाटून दिली. यशयाने ती आळीत नळात ओतली आणि एक दिवस, एक रात्र हौदाच्या भिंतीबाहेर बसला. आत जायची त्यांना मुभा नव्हती. भिंतीच्या भोकातून बघत बसला. काही आलं नाही.

“मेला,” त्याने ओव्हरसियरला सांगितलं आणि कागदावर अंगठा दिला.

दुसऱ्या दिवशी जोडण्या सुरू झाल्या. आळीतली मैल्याची बावीस तोंडं त्या नळाला जोडली गेली. मार्थाने अंगणात टोपली जाळली. डांबर लावलेली टोपली, धूर काळा झाला, शेजारणी हसत जमल्या, एकीने तर हळद आणली.

तिसऱ्या दिवशी जोगाईच्या हौदात तांबडं आलं.

नळ मेला नव्हता. त्याची चाल मंद होती. गाळाने भरलेला, शंभर ठिकाणी फुटका तो नळ ठिबकत, थांबत, मुरत तीन दिवसांनी हौदाशी पोचला होता. यशया एकच दिवस बसला होता.

देवळात घंटा सुरू झाली. आईने कुंकू धाडलं! लोक हौदाच्या पायऱ्यांवर आडवे पडले. ख्रिस्तवाडीची माणसं भिंतीबाहेरून बघत होती. त्यांत मार्था होती आणि तिच्या नखांत अजून काव होती. तिने यशयाकडे पाहिलं. यशया तिच्या हाताकडे पाहत होता. मग दोघं घरी आली. अंगणात टोपलीची राख होती. यशया त्या राखेपाशी बराच वेळ उभा राहिला आणि आत जाऊन झोपला. त्या दिवसावर त्या दोघांत पुढे कधीही बोलणं झालं नाही.

कुंकवामागून हौदात पाणी येऊ लागलं, बोटभर धारेचं. वाटेत मातीतून गाळून आलेलं, दिसायला निर्मळ. आईने पाणी परत आणलं म्हणून चैत्रातल्या जत्रेला घराघरांत तीर्थ गेलं. आणि मग हगवण, वांती, पटकी. सात पोरं गेली. देवळात झाडलोट करणाऱ्या झुंबरबाई गुरवणीची लेक पुष्पावती त्यांत होती, पाच वर्षांची. गाव म्हणालं, कोप झाला, सेवेत काही उणं राहिलं. हौदावर शिळा टाकल्या आणि हौद बंद केला.

ख्रिस्तवाडीतलं एकही पोर गेलं नाही. त्यांना हौदाला हात लावायची बंदी होती.

“तुमची बरी वाचली,” झुंबरबाई बोळाच्या तोंडाशी मार्थाला म्हणाली होती. टोमणा होता की नुसता रडवेला आवाज, ते मार्थाला आजवर कळलं नव्हतं. तेव्हापासून यशया सुट्टीच्या दिवशी माळावर जाऊन उसाशांना कान लावू लागला.

*

त्र्याहत्तरच्या चैत्रात गावात पाणी उरलं नाही. तरणी माणसं खडी फोडायला दुष्काळी कामावर होती. मार्थाचा मुलगा थॉमसही तिकडेच. विहिरींच्या तळाशी बायका वाटीने पाणी खरवडत होत्या. अशात नगरपालिकेने डोंगरातला झरा उकरला. वर पाणी लागलं आणि गुरुवारी दवंडी फिरली: येत्या मंगळवारी जोगाईचा हौद उघडणार. झऱ्याचं पाणी खापरी नळाने येणार. यंदा जातपात नाही, हौद सगळ्या गावाला मोकळा. ख्रिस्तवाडीलाही.

वाडीत बायका रडल्या. आनंदानेच. मार्था चुलीपुढे बसून राहिली. सून कृपा चार महिन्यांची पोटुशी होती. कृपाच्या बापाने सोयरीक करताना एकच विचारलं होतं: “गावात टोपली न्हाई ना?” आणि मार्था मान ताठ करून म्हणाली होती, “न्हाई.”

त्या संध्याकाळी तिने कृपाला सगळं सांगितलं. काव, नळ, सात पोरं. कृपाने भाकरी थापायची थांबवली नाही.

“आत्या, गप ऱ्हावा.”

“समदं गाव पील.”

“आपुन न्हाई पिनार. वढ्यात झिरा खांदीन म्या.”

“आन् झुंबरबाईची नातवंडं?”

“त्या झुंबरबाईनं तुमाला कवा वंजळभर पानी वाढलं? वरनं वाढताना बी हात तीन हात लांब.” कृपाने भाकरी तव्यावर टाकली. “तुमी बोलला की संडास बंद. संडास बंद झालं की टोपली. तुमचं वय झालं. मंग कुनाच्या डोक्यावं, सांगा की.”

 मार्थाला पुष्पावती आठवत होती. ती पोरगी मागच्या दाराला येऊन विचारायची, “मार्थामावशी, तुझ्या टोपलीत काय हाय?” आणि आतून कुणीतरी तिला ओढून न्यायचं.

शुक्रवारी ती नगराध्यक्षांच्या मागच्या दाराला गेली. राधाकृष्ण अण्णांचा संडास आळीतला पहिला. अजूनही ती झाडू आणि फिनेलची बाटली घेऊन तिथे रोज जाई. अण्णा दात घासत बाहेर आले. तिने पायरीखाली उभं राहून सांगितलं.

अण्णा हसले. “मार्थाबाई, तुझ्या नवऱ्यानं अंगठा दिलाय. नळ मेलेला हाय.”

“मेल्याला हाय तर पानी कशातनं आनताय, अण्णा?”

अण्णांची काडी दातातच राहिली. मग ते दोन पायऱ्या उतरले, आवाज उतरवून म्हणाले, “माझ्या घरातनं पाइप बाहेर गेला, मला येवढंच ठाऊक. पुढं कुठं गेला कुनी इचारलं का? घरातनं गेलं म्हंजे गेलं. मंगळवारी हौद उघडला न्हाई तर लोक मला जित्ता ठेवनार न्हाईत. आन् तुझं खरं धरलं, तर बावीस संडास बंद. तुझी सून नवी हाय ना? नाव काय तिचं?”

मार्था झाडू उचलून संडासाकडे वळली.

शनिवारी सकाळी तिने पाट्यावर काव वाटली. पाटा तोच होता. पाण्याचा शिंतोडा टाकताच तिला टोपली जळतानाचा वास आला. वास पाट्याला नव्हता, तिच्या नाकात बसलेला होता. डबा पदराखाली घेऊन ती अण्णांच्या संडासात गेली, काव ओतली, वर धुण्याच्या पाण्याच्या तीन बादल्या सोडल्या आणि डबा मागच्या पायरीखाली सारला. तीन दिवस. तिला तेवढाच एक हिशेब ठाऊक होता. वर झऱ्याचं पाणी सुटलं होतं. आधीही येईल, नंतरही येईल. पण आलं तर दिसेल. डोळ्यांनी दिसल्यावर कोण नाही म्हणेल?

घरी जाताना ती माळावरून गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिने उसाशाला कान लावला, यशयाच्या डागावर. आत पाणी चाललं होतं. ते खळखळत नव्हतं. कुणीतरी अंधारात, भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत यावं तसं येत होतं.

*

मंगळवारी हौदावरच्या शिळा काढल्या. हलगी, खण-नारळ, हार. ख्रिस्तवाडीच्या बायका घागरी घेऊन भिंतीच्या आत आल्या आणि आत आल्यावर कुठे उभं राहायचं ते न कळून एका कोपऱ्यात गोळा झाल्या. नळाच्या तोंडातून आधी वारा आला, मग गाळ, मग पाणी. स्वच्छ पाणी.  उशीर झाला की लवकर, कुणास ठाऊक. अण्णांनी गर्दीतून तिच्याकडे पाहिलं आणि नारळ फोडला.

नारळाचे तुकडे वाटेपर्यंत पाणी तांबूस झालं. मग तांबडं.

 मार्थाला वाटलं, दिसलं. आता त्यांना दिसलं.

“आई आली!” कुणीतरी ओरडलं. “आई कुंकू घेऊन आली!” आणि नऊ वर्षांपूर्वीसारखीच माणसं पायऱ्यांवर आडवी पडली. कोपऱ्यातल्या ख्रिस्तवाडीच्या दोन बायकांनीही हात जोडले. अण्णांनी आधी पाण्याकडे पाहिलं, मग मार्थाकडे, आणि त्यांनीही डोळे मिटून हात जोडले.

पहिल्या ओंजळीचा मान झुंबरबाईला होता. ती पायऱ्या उतरली, वाकली. “पुष्पे, तुझ्या नावानं गं,” म्हणाली आणि ओंजळ तोंडाकडे नेली.

मार्था कधी उतरली हे तिचं तिलाही कळलं नाही. तिच्या पायाखाली हौदाच्या पायऱ्या होत्या, ज्यांवर तिच्या माणसांतलं कुणी कधी उतरलं नव्हतं, आणि तिच्या मुठीत झुंबरबाईचं मनगट होतं. पाणी सांडलं.

“पिऊ नगंस. काव हाय ती. माझ्या हातची.”

“सोड मला! शिवलीस?”

“शिवले. काव हाय, झुंबरबाई. शनवारी म्या अण्णांच्या संडासात वतली. आळीचा समदा मैला ह्या नळात हाय. डबा अण्णांच्या मागच्या पायरीखाली हाय, जाऊन बघा.”

“म्हातारी उन्हानं भ्रमली,” अण्णा वरून म्हणाले. पण दोन माणसं गेली होती. हलगी थांबली होती. माणसं परत आली, तेव्हा एकाच्या हातात डबा होता. आत तळाशी तांबडं सुकलेलं होतं. तो त्याने हौदाच्या काठावर ठेवला. पायरीवर आडवे पडलेले लोक एकेक करून उठले, कपाळ पुसू लागले.

झुंबरबाईचं मनगट अजून मार्थाच्या मुठीतच होतं.

“आन् त्या वर्साला?” झुंबरबाईने विचारलं. अगदी हळू.

“तवा बी कावच. माझ्या मालकाची.”

“तुला ठावं हुतं?”

“व्हय.”

“माझी पुष्पी तीर्थ पीत हुती तवा बी?”

मार्थाला सांगता आलं असतं, की माणसं मरतील हे तेव्हा ठाऊक नव्हतं. ते अर्धं खरं होतं. विहीर आणि खड्ड्यात चाळीस पावलं का हवीत, हे तिला दहा वेळा सांगून झालं होतं.

“व्हय,” ती म्हणाली आणि मनगट सोडलं.

झुंबरबाईने तिला मारलं नाही, शिवी दिली नाही. ती आपल्या ओल्या हातांकडे बघत राहिली.

*

दुपारी नगरपालिकेच्या हॉलमध्ये सभा भरली. आळीतले बावीस घरांचे कर्ते खुर्च्यांवर, बाकीचे भिंतीला. मार्था आणि कृपाला दाराशी उभं केलं होतं. नव्या ओव्हरसियरने कागद वाचला: नळाच्या जोडण्या आजच तोडायच्या, नळ आठ दिवस धुऊन काढायचा, तोवर पाणी टँकरने, वरल्या आळीत उद्यापासून पूर्वीप्रमाणे व्यवस्था.

पूर्वीप्रमाणे. शिपायाने आतल्या खोलीतून दोन टोपल्या आणून टेबलापुढे ठेवल्या. डांबर लावलेल्या, कोऱ्या. नऊ वर्षं त्या कुठेतरी तयारच होत्या.

“गाव वाचवलंस, मार्थाबाई,” अण्णा म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त वाईट होतं. “गावानं तुझं ऐकलं. आता गावाचं तू ऐक. उद्या सकाळी तू आन् सून.”

 कृपाने सासूकडे पाहिलं नाही. पुढे झाली आणि एक टोपली उचलून हातात धरली, वजन बघावं तशी.

मार्थाने कमरेची पिशवी सोडली आणि खिडकीतलं ते खापर बाहेर काढलं. तिने ते टेबलावर ठेवलं नाही. हातातच धरून दाखवलं.

“ह्ये दोन हजार वर्सांचं हाय. पांढरीतलं. माझ्या मालकानं काढलं. ह्याची कडी करून खड्ड्यात घालायचे, विहिरीपासनं चाळीस पावलांवर. मैला मातीत जिरायचा, कुनाच्या डोक्यावं चढत नव्हता. आळीत पत्थर हाय, तर माळावं खांदा. गाव दुष्काळी कामावं डोंगर फोडतंय, बावीस खड्डं हुत्यात. चालत जावा. पाय समद्यांना हायेत.”

मागे कुणीतरी हसलं. “अण्णा, धोतर सावरत माळावर जावं लागंल.”

अण्णा हसले नाहीत. ते खापराकडे बघत होते. “खड्डं खांदाय हरकत न्हाई,” ते म्हणाले. “पर तवर? आन् भरलं म्हंजे उपसनार कोन?”

हॉलमधले सगळे डोळे दाराकडे वळले. ठरवून कुणी पाहिलं नव्हतं. नेहमीची वाट होती, डोळे तिकडेच गेले.

मार्थाने कृपाच्या हातातली टोपली घेतली. ती खाली ठेवली, पालथी. दुसरीही पालथी केली. तिच्या बुडावर खापर ठेवलं, खिडकीत ठेवायची तसं, नीट मधोमध. मग तिने कृपाचा हात धरला.

बाहेरच्या पायरीवर झुंबरबाई बसली होती. हात अजून तांबडे होते, धुतले नव्हते. तिने वाट दिली नाही, अडवलीही नाही. आतून अण्णांनी पुन्हा विचारलं, “अगं, उपसनार कोन, सांगून तरी जा.” मार्था झुंबरबाईच्या शेजारून, तिला न शिवता, सुनेचा हात धरून पायरी उतरली आणि चालू लागली.